इळा आणि डाकीण

मागच्या दाराशी उभ्या असलेल्या तरुण मित्रांनो, पुढे या. पुढची रांग पाहुण्यांसाठी राखायची आपली जळगावची रीत. पाहुणे येऊन बसलेत, उरलेल्या खुर्च्या तुमच्याच.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आम्हाला शास्त्र शिकवायचे. पोरगं उत्तर द्यायला घाईघाईने उठलं की ते एवढंच म्हणायचे, ‘आधी बघ, मग बोल.’ मी पुढे डॉक्टर झालो, नोकरीची बहुतेक वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी सरकारी दवाखान्यांत गेली, आणि तिथे मला कळलं की सरांचं वाक्य दिसतं तेवढं सोपं नाही. आजचं भाषण त्या वाक्याबद्दलच आहे असं समजा.

विषय पत्रिकेत छापून आल्यावर दोघा-तिघांचे फोन आले. ‘डॉक्टर, तुम्ही भुताखेतांवर कधीपासून बोलायला लागलात?’ त्याला कारण माझा नातू. बारा वर्षांचा आहे, पुण्याला असतो. दिवाळीत आला तेव्हा मोबाइलवर एक खेळ खेळत होता. त्यात एक मांत्रिक होता, रक्ताची जादू करणारा. स्वतःच्या हातावर सुरी ओढायची, रक्त काढायचं, मंत्र टाकायचा, की समोरचा पडलाच. पण दर वेळी त्या मांत्रिकाच्या अंगात एक रोग थोडा थोडा शिरत जातो. आधी सांधे ठणकतात. मग डोळे पिवळे होतात. मग हाडं झिजतात, आणि शेवटी एकेक अवयव काम सोडतो. नातवाने विचारलं, ‘आबा, असा रोग खरंच असतो का?’

मी मोबाइल हातात घेतला आणि ती यादी पुन्हा वाचली. सांधे, पिवळे डोळे, हाडं, अवयव. ही यादी मी केसपेपरवर कितीदा तरी लिहिली होती. खेळ रचणाऱ्याने ती बसल्या जागी कल्पनेने काढली असेल, त्याला बिचाऱ्याला सातपुड्यातलं धडगाव कुठे आहे ते माहीतही नसेल. पण रोग खरा आहे. चोपडा, यावल, रावेरच्या वरच्या पाड्यांवर आहे, शिरपूर-साक्रीला आहे, आणि १९९८ पर्यंत आपल्या धुळे जिल्ह्यातच असलेल्या नंदुरबारात तर फार आहे. त्याचं नाव सिकलसेल.

मी नातवाला म्हणालो, रोग असतो बाळा, जादू नसते. मग रात्री झोप येईना, कारण उत्तर अर्धवट होतं. जिथे हा रोग आहे तिथे माणसांनी त्याला जादूच म्हटलं आहे. खेळात आणि आपल्याकडे फरक एकच. खेळात आधी जादू, मग रोग. जो जादू करतो तोच झिजतो. आपल्याकडे आधी रोग, आणि मग जादू कुणी केली याचा शोध. झिजतो एक जण, आणि जादू केली म्हणून मार खाते कुणी दुसरीच.

‘दुसरीच’ म्हणालो मी. बाईच. त्याच्याकडे येतो.

त्याआधी एक शंका दूर करतो. महाराष्ट्रात रक्ताची जादू म्हणून काही खरोखर झालं का? झालं. माझ्या वयाच्या श्रोत्यांना मानवत आठवत असेल. परभणी जिल्ह्यातलं ते गाव. १९७२ च्या अखेरीपासून १९७४ च्या सुरुवातीपर्यंत तिथे एकामागून एक लहान मुलींचे आणि बायकांचे खून झाले. कशासाठी? गुप्तधनासाठी. जमिनीतला हंडा वर यावा म्हणून रक्त हवं होतं. त्या रक्ताने कुणाला हंडा मिळाला? नाही. रक्त सांडणारा त्या जादूमुळे आजारी पडला? तोही नाही. खेळातला मांत्रिक निदान स्वतःचं रक्त काढतो. इथे रक्त गेलं ते पोरींचं. मानवतबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे.

आता रोगाकडे येऊ.

होळी पंधरा दिवसांवर आली आहे. सातपुड्यातली होळी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पाहायला तर मुंबईची माणसं गाड्या करून जातात. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे, घुंगरं, मोठाले ढोल. रात्रभर नाच, आणि होळी पेटते पहाटे. आपण फोटो काढतो आणि परत येतो. मी तिथे राहत होतो, म्हणून मला फोटोनंतरचं दिसायचं. होळीनंतर दोन दिवसांनी बैलगाडीतून, पुढे पुढे मोटारसायकलवर मधे बसवून, पंधरा-सतरा वर्षांचा पोरगा यायचा. कंबर धरलेली, मांड्या धरलेल्या, ओठ चावलेले. पावरा जमातीचा पोरगा सहसा ओरडत नाही. हे पोर मात्र ओरडायचं. बाहेरून जखम नाही, हाड मोडलेलं नाही, ताप असला तर किरकोळ. बाप सांगायचा, ‘होळीत कुणीतरी बघितलं याच्याकडे. फार छान नाचत होता.’

आता बघा काय झालं असतं ते. रात्रभर नाचला, म्हणजे दमला. पोटात मोहाची, पाणी घेतलंच नाही, म्हणजे शरीर सुकलं. पहाटे डोंगरातला गारठा, तोही उघड्या अंगावर. दमणूक, तहान, थंडी. ज्याच्या रक्तात सिकलसेल आहे त्याची कळ उठवायला या तीन गोष्टी पुरतात. रक्तातल्या तांबड्या पेशी खरं तर गोल, मऊ, मधे दबलेल्या असतात, अनारशासारख्या म्हणा. केसाहून बारीक नळीतूनही त्या अंग चोरून निघून जातात. या पोराच्या पेशी प्राणवायू कमी झाला की वाकतात, ताठ होतात, विळ्यासारख्या होतात. आपल्याकडे त्याला इळा म्हणतात. इळे एकमेकांत अडकतात, बारीक रक्तवाहिनी बंद होते, पुढच्या हाडाला रक्त पोचत नाही. हाड उपाशी मरायला लागलं की जी कळ येते तिला आम्ही डॉक्टर लोक ‘क्रायसिस’ म्हणतो. शब्द फार सभ्य आहे.

म्हणजे बाप खोटं बोलत होता का? त्याने पाहिलेलं सगळं खरं होतं. पोरगा नाचला, लोकांनी बघितलं, आणि तो पडला. क्रमही बरोबर, तारीखही बरोबर. फक्त कारण चुकलं. आणि कारण चुकलं म्हणून त्याला हसणाऱ्यांनी आधी सांगावं, त्या पाड्यावर बरोबर कारण सांगायला कोण गेलं होतं?

सशक्त माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. इळा झालेली पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. नवी बनवता बनवता शरीर थकतं, अंगात रक्त राहत नाही. फुटलेल्या पेशींचा रंग डोळ्यांत उतरतो आणि डोळे पिवळे होतात. पाणथरी लहानपणीच निकामी होते, म्हणून साधा न्यूमोनिया जीव घेतो. पुढे खुब्याचं हाड झिजतं आणि पंचविशीतला माणूस म्हाताऱ्यासारखा काठी घेऊन चालतो. डोळे, मूत्रपिंड, मेंदू यांच्यापर्यंत हे झिजणं जातं. घरची माणसं म्हणतात, ‘रक्त आटतंय.’ मी पुस्तकं वाचून डॉक्टर झालो, पण याहून नेमकं वर्णन मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

आणि हे सगळं होतं एका अक्षरामुळे.

ती गोष्ट सांगायला मला थोडं शिकागोला जावं लागेल. १९०४ साली ग्रेनाडा बेटावरचा एक कृष्णवर्णीय तरुण, वॉल्टर क्लेमेंट नोएल, तिथे दातांचा डॉक्टर व्हायला शिकत होता. तो आजारी पडून इस्पितळात आला. शिकाऊ डॉक्टर आयर्न्सने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि चमकला. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली ते छापलं: पेशी विळ्याच्या आकाराच्या. नोएल बरा होऊन घरी परतला, दात काढायचा धंदा करू लागला आणि १९१६ साली न्यूमोनियाने गेला. पाणथरीचं मी आत्ताच सांगितलं, आठवतंय ना? पुढे १९४९ मध्ये लायनस पाउलिंग यांनी दाखवलं की दोष पेशीत नाही, पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. रेणूचा आजार ही कल्पनाच तोवर कुणी मांडली नव्हती. आणि १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यातला सहावा दुवा बदललेला. बाकीचे १४५ जागच्या जागी. ‘वाचवा’ लिहायचं होतं, पहिलं अक्षर चुकलं आणि झालं ‘नाचवा’. मग आम्ही होळीत नाचलो.

ही चूक आली कुठून, याचं उत्तर आणखी चमत्कारिक आहे. १९५४ साली ॲलिसन नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत पाहिलं की ज्यांना ही चूक आईकडून किंवा बापाकडून, एकाच बाजूने मिळाली आहे, त्यांना मलेरिया सहसा मारत नाही. अशा माणसाला आपण वाहक म्हणतो. तो स्वतः धडधाकट असतो. आता सातपुड्याचं जंगल डोळ्यांसमोर आणा, तिथला हिवताप आणा. शेकडो पिढ्या डासांनी माणसं नेली; त्यात जी टिकली त्यांच्यात वाहक जास्त होते. ज्या चुकीने आजोबाला तारलं तीच दोन्ही बाजूंनी आली तर नातवाला मारते. त्यामुळे भिल्ल, पावरा या आपल्या जमातींत शंभरात वीस ते पस्तीस माणसं वाहक आढळतात. हा शाप आहे की पूर्वजांनी मोजलेली किंमत? मला तरी तो त्या जंगलात तगून राहिल्याचा पुरावा वाटतो. आणि इथे बसलेल्यांनी ‘हा आदिवासींचा रोग’ म्हणून निवांत होऊ नये. विदर्भात तो इतर अनेक जातींत आहे. रक्त जातीचा दाखला बघून वाहत नाही.

आता मुख्य गोष्ट. एवढं सगळं शास्त्र एका बाजूला, आणि पाड्यावरचा एक प्रश्न दुसऱ्या बाजूला. तो प्रश्न ‘कसं झालं’ हा नसतो. तो असतो, ‘माझ्याच पोराला का?’

या रोगाची चाल बघा. बाळ जन्मतं तेव्हा गुटगुटीत असतं. पोटात असतानाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते बाळाला सुमारे सहा महिने सांभाळतं. मग ते ओसरतं आणि एके दिवशी बाळाचे हात-पाय सुजतात. बाळ हातपाय हलवायचं थांबतं, हात लावला की किंचाळतं. आता आई काय आठवेल? सहा महिने काही नव्हतं. मग या सहा महिन्यांत बाळाला बघायला कोण कोण आलं? कुणी उचलून घेतलं? कुणी ‘किती गोरंगोमटं’ म्हटलं? एकदा हा प्रश्न विचारला की कुणाचं ना कुणाचं नाव निघतंच. मंडळी, एका परीने हा रोग संशयित तयार करून देतो.

दुसरी चाल. आई-बाप दोघेही वाहक. दोघेही ठणठणीत, शेतात राबणारे. चार पोरं. दोन उत्तम, एक मेलं, एक कण्हत पडलेलं. साथीचा रोग असता तर सगळं घर आडवं झालं असतं. भूक असती तर सगळीच वाळली असती. पण हे तर कुणी बोट दाखवून निवडल्यासारखं दिसतं. जादू जशी निवडून लागते म्हणतात, अगदी तसंच.

मी एका बापाला समजावत होतो. ज्वारीचे दाणे घेतले, काळे-पांढरे, चार वाट्यांत मांडून दाखवले. चारात एक. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, ‘मग सुटलो. एक तर गेलं. आता तीन चांगली होतील.’ माझ्या मांडणीत किती मोठं भोक होतं ते मला तेव्हा कळलं. दर खेपेला दाणे नव्याने टाकायचे असतात, हे मी सांगितलंच नव्हतं. पुढचंही आजारी निघालं. त्या माणसाने मला सोडून भगताला, पाड्यावरच्या मांत्रिकाला, धरलं. मी त्याला दोष देत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. नायजेरियाच्या इग्बो लोकांत एक समजूत होती, ओग्बान्जे. पुन्हा पुन्हा त्याच आईच्या पोटी येणारं आणि पुन्हा पुन्हा मरणारं पोर. ते परत येऊ नये म्हणून मेलेल्या लेकराच्या अंगावर खूण करायचे, बोट किंवा कान कापायचे. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीत हे सगळं आलं आहे. पुढे अभ्यासकांनी म्हटलं, या कथेमागे बहुधा सिकलसेल असावा. ऐकून अंगावर काटा आला ना? मग आपल्याकडची नावं आठवा. दगडू. धोंडू. भिका. उखर्डू. आधीची पोरं गेली की पुढच्याला असं नाव ठेवायचं, म्हणजे सटवाई-बिटवाई फसेल, न्यायला येणार नाही. या सभागृहात कुणाच्या आजोबांचं नाव दगडू नव्हतं, हात वर करा बरं! इग्बो आईने बोट कापलं, आपल्या आजीने नाव कापलं. दुःख एकाच जातीचं.

मग खेळातल्यासारखं, विधीमुळे रोग झाल्याचं एकही उदाहरण नाही का? आहे. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरातले फोरे लोक. १९५० च्या सुमारास त्यांच्या बायका-मुलं ‘कुरू’ नावाच्या रोगाने थरथरत मरत होती. माणूस उभा राहायचा बंद होतो, मग बसायचा, मग गिळायचा. तेही म्हणत होते, चेटूक आहे. सभा भरवून चेटूक करणाऱ्यांना विनवण्या करत होते, आता पुरे करा. खरं कारण असं निघालं की मेलेल्या आप्ताला आदराने खाण्याच्या त्यांच्या विधीतून रोग पसरत होता, आणि तो मुख्यतः बायका-मुलांच्या वाट्याला येत होता. गाज्दुसेक नावाच्या डॉक्टरांना कुरूवरच्या संशोधनाबद्दल १९७६ चं नोबेल मिळालं. विधी थांबला, रोग हळूहळू संपला. बघा, इथेसुद्धा जादूचा आरोप चुकीच्या माणसांवर होता, आणि विधी होता तो प्रेमाचा.

आता डाकीण.

‘डाकीण’ हा शब्द जळगावात आपण भांडणात वापरतो, सासू-सुनांच्या मालिकेत ऐकतो. डोंगरात तो शब्द नाही, तो निकाल असतो. भगताने, कुठे कुठे त्याला बडवा म्हणतात, दाणे टाकले, नाव काढलं, की त्या बाईला मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी जीवच घेणं. कोण असते ती? बहुतेकदा विधवा. बहुतेकदा मूलबाळ नसलेली. आणि पुष्कळदा, हे नीट ऐका, तिच्या नावावर थोडी जमीन असते. भगताचे दाणे सातबारा वाचतात की काय, असा मला संशय आहे.

कायदे नाहीत असं नाही. भिल्लांच्याच मुलखात, मेवाडमध्ये, महाराणा स्वरूपसिंहांच्या काळात १८५३ साली डाकण प्रथेवर बंदी आली. पावणेदोनशे वर्षं होत आली. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं जादूटोणाविरोधी कायदा मागत राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड. कायदा चांगला आहे, मी त्याच्या बाजूने सभा घेतल्या आहेत. पण एक सांगतो, गैरसमज करून घेऊ नका. पोलीस आरोपीला उचलतात, तेव्हा ते पोर अजून कण्हतच असतं. भगत तुरुंगात गेला तरी ‘माझ्याच पोराला का’ हा प्रश्न घरात तसाच बसलेला असतो. तो प्रश्नच दुसरा भगत शोधतो.

मेळघाटात, अमरावती जिल्ह्यात, आजारी लेकराच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. वर्तमानपत्रात दरवर्षी बातमी येते, आपण हळहळतो. आजार कुठलाही असो, इलाज तोच. त्यातल्या ज्या लेकरांना सिकलसेल असेल त्यांचा विचार करा. आत रक्तात इळे, आणि वरून पोटावर इळा.

आता मी ज्याच्यासाठी हे भाषण स्वीकारलं ते सांगतो. बाकीचं तुम्ही इतर कुणाकडूनही ऐकू शकला असता.

रक्ताची जादू आम्हीही करतो. आम्ही म्हणजे डॉक्टर, सरकार, विद्यापीठ, संस्था. कशी, ते सांगतो. बरीच वर्षं झाली. एका पाड्यावर तपासणीचं शिबिर झालं. गावाचं नाव सांगत नाही. सकाळपासून रांग लावली, बोटं टोचली, थेंब घेतले, नळ्यांवर नंबर टाकले. पेढे वाटल्यासारखी बिस्किटं वाटली. नमुने शहरात गेले. निकाल तयार झाले. एका अहवालात आकडे छापले गेले, टक्केवारी आली, आलेख आला. आणि गावात परत काय गेलं? काहीच नाही. नावांची वही कपाटात राहिली. दोन वर्षांनी मी दुसऱ्या कामाने त्या पाड्यावर गेलो तेव्हा एक म्हातारी बाजेवरून उठली आणि बाजारच्या अहिराणीत म्हणाली, ‘रंगत लई ग्यात, कागद कव्हय येई?’

रक्त नेलंत, कागद कधी येईल?

त्या शिबिराचा वैद्यकीय अधिकारी मी होतो. वही माझ्या कपाटात होती.

तिच्या जागी बसून बघा. शहरातली माणसं पांढरे कपडे घालून येतात, लेकरांचं रक्त काढतात, काचेत भरतात, घेऊन जातात, पुन्हा तोंड दाखवत नाहीत. तिच्या भाषेत याला काय म्हणतात? पुढच्या शिबिराला त्या पाड्यावरची निम्मी दारं बंद होती. आम्ही अहवालात लिहिलं: ‘अंधश्रद्धेमुळे प्रतिसाद कमी.’ हे वाक्य मीच लिहिलं. आजपर्यंत आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात खोटं वाक्य ते.

भगत काय करतो ते आपण कधी पाहिलंय का? तो रात्रभर बसतो. घरच्या सगळ्यांना बोलावतो. आजाऱ्याला नावाने हाक मारतो. आणि पहाटे उत्तर देतो. उत्तर चुकीचं असतं, कधी जीवघेणं असतं. पण तो उत्तर दिल्याशिवाय उठत नाही. आमचं उत्तर बरोबर असतं आणि कपाटात असतं.

तसे चांगलं करणारेही आहेत. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी कितीतरी वर्षं धुळे-नंदुरबारच्या पाड्यांवर सिकलसेलचं काम केलं. २०१९ ला त्यांना पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहाडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत रोगाचं उच्चाटन, असं तिचं लक्ष्य तेव्हा ठरलं. केंद्र सरकारच्याच आकड्यानुसार अनुसूचित जमातींत ८६ जन्मांमागे एक बाळ हा आजार घेऊन येतं. परदेशात जनुकांतच बदल करायचा उपचार २०२३ च्या अखेरीस मंजूर झाला. अमेरिकेत तेव्हा एका माणसामागे त्याची किंमत होती बावीस लाख डॉलर! धडगावचा माणूस एवढे शून्य कशावर लिहील? पण आपल्याकडे हायड्रॉक्सियुरिया नावाची साधी गोळी आहे, स्वस्त आहे, आणि ती नियमित घेतली तर कळा जवळजवळ निम्म्याने कमी होतात. लहान मुलांना पेनिसिलिन, फॉलिक ॲसिड, लसी. भरपूर पाणी, थंडीत घोंगडी. यात जादू काहीच नाही, म्हणून वर्तमानपत्रात येत नाही.

कार्डाबद्दल एक बोलायचंय. तपासणीनंतर कार्ड देतात, वाहक आहे की ग्रस्त आहे ते त्यावर असतं. हेतू हा की दोन वाहकांनी लग्न करताना विचार करावा. हेतू उत्तम. पण अलीकडे मी काय ऐकतो? मुलीचं कार्ड मागतात, मुलाचं मागत नाहीत. मुलगी वाहक निघाली की सोयरीक मोडते, आणि गावात कुजबूज सुरू होते, ‘हिच्या रक्तात आहे.’ अहो, वाहक मुलगी निरोगी असते! मुलगा वाहक किंवा ग्रस्त नसेल तर त्यांच्या पोटी सिकलसेलग्रस्त मूल सहसा येणार नाही. हे सांगायला कुणी नसेल तर ते कार्ड म्हणजे सरकारी शिक्क्याची डाकीण. गावच्या आशा सेविका सांगतात बिचाऱ्या, पण त्यांच्याकडे किती कामं! मी तर म्हणतो, ज्याने रक्त घेतलं त्यानेच घरी जाऊन कागद वाचून दाखवला पाहिजे. बैठक मांडून, घरातल्या सगळ्यांसमोर, भगत बसतो तसं बसून. भगतालाही बोलवा. धडगावकडे मी ते करून पाहिलंय. एका बडव्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग माझ्या पोरीचं रक्त बघाल?’

बघितलं. वाहक निघाली. त्याच्या जावयाचंही बघितलं, तो नव्हता. कागद मी त्याच्या हातात दिला.

मला दिलेला वेळ संपत आला, अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं. आयोजकांना मी एकच अट घातली होती, हार-शाल नको, बाहेर व्हरांड्यात एक टेबल द्या. तिथे दोन तंत्रज्ञ मुली बसल्या आहेत. एक थेंब लागतो. प्राथमिक निकाल इथेच मिळेल. तो होकारार्थी आला तर पुढची पक्की तपासणी होईल आणि तिचा कागद मी स्वतः तुमच्या घरी आणून देईन, पत्ता लिहून जा. पहिलं बोट माझं आहे. दुसरं अध्यक्षांचं, त्यांना हे आत्ताच कळतंय. बाकीच्यांनी रांग लावावी, आणि ढकलाढकली करू नये.